पटावरची पोरगी

"ती रोज येते हो, पण मोजली जात नाही."

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आटोपून सगळे उठले, तेव्हा सर एका मुलीबद्दल हे म्हणाले. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं: पट २१, हजर २०. ऑनलाइन पट मात्र कमी भरतो, कारण काही पोरांचं आधार जुळत नाही. या मुलीच्या आधारवर जन्मतारीखच चुकलीय. दुरुस्तीला तालुक्याला जायचं, तर आईचा रोज बुडतो.

आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, तोही आधार जुळलेल्या. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ते. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यानं पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. तरी २०२४ च्या शिक्षकदिनीच वीसपर्यंत पटाच्या शाळांत त्यातला एक कंत्राटी नेमायचा निर्णय आला होता. ओरड झाली म्हणून बदलला. अशा शाळेत एकेक पोर किती मोलाचं, बघा!

पट घटतोय हे खरंच. अर्धी घरं पुण्या-मुंबईला, उरलेल्यांतली निम्मी पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत. पण जे पोर समोर बसून पाढे म्हणतंय, त्याला धरायचंच नाही, हे मला पटत नाही. हजेरीपुस्तकावर सरांची रोज सही असते, ती पुरेशी का नाही?

आधार दुरुस्तीचा कॅम्प शाळेतच लावून घेणं कुणाला जमलंय का? अर्ज कुठे केला, तेवढं सांगा.