तुम्ही विचारलंत म्हणून: गे माणसं फौजेत चालणार नाहीत, असं जनरल रावत लष्करप्रमुख असताना म्हणाले होते, ते रावतसाहेबांचं तुम्हाला पटतं का?

नाही पटत. उत्तर आधीच देऊन टाकतो, ज्यांना तेवढंच हवं होतं ते मोकळे. का नाही पटत ते आता सांगतो, जरा लांबेल.

मागे एका कॉलेजात कारगिल विजय दिवसाला मला बोलायला बोलावलं होतं. भाषण संपल्यावर एका मुलीने उभं राहून विचारलं की सर, गे मुलांना आर्मीत घ्यायला पाहिजे का, जनरल रावत तर नाही म्हणाले होते. मी म्हटलं, घ्यायला पाहिजे म्हणजे काय, ती आहेतच आत, पहिल्यापासून आहेत, प्रश्न फक्त त्यांना मान वर करून नोकरी करू द्यायची की नाही एवढाच आहे. झालं. तेव्हापासून दापोलीत एसटी स्टँडवर भेटा, बाजारात भेटा, गणपतीत मुंबईवरून आलेले चाकरमानी तर आरती झाली की प्रसाद हातात घेऊनच विचारतात, काय ओ सुभेदार, तुम्ही म्हणे जनरलच्या विरोधात बोललात?

विरोधात नाही बोललो. रावतसाहेब गोरखा रायफल्सचे, शिपायाच्या रेशनपासून बुटापर्यंत बघणारे अधिकारी, 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर पडून गेले त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. माझ्या मनातला त्यांचा मान तसाच आहे. पण मान आहे म्हणून प्रत्येक मत पटलंच पाहिजे असं फौजेतसुद्धा नसतं, हुकूम पाळायचा असतो, मत ज्याचं त्याचं.

तर ते काय म्हणाले होते? 10 जानेवारी 2019, आर्मी डेच्या आधी लष्करप्रमुखांची वार्षिक पत्रकार परिषद असते ती. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला दंडविधानाच्या कलम 377 मधून दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना बाहेर काढलं होतं, म्हणजे तो गुन्हा राहिला नव्हता. त्यावर त्यांना विचारलं. ते म्हणाले की आम्ही देशाच्या कायद्याच्या वर नाही, पण फौजेत हे चालणार नाही, फौज जुन्या वळणाची आहे, आम्ही पाश्चात्त्य झालेलो नाही, अशा गोष्टी आम्ही आर्मी ॲक्टखालीच हाताळू. आणि आर्मी ॲक्टमध्ये, 1950 च्या, कलम 46 आहे, क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक प्रकारचं लज्जास्पद वर्तन, शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यात गे हा शब्द कुठेही नाही. पण कलम लावायचं म्हटलं तर लावता येतं, आणि जवानाला तेवढी भीती पुरते.

ते पाश्चात्त्य वगैरे मला तेव्हाच खटकलं होतं. 377 आणला कोणी, इंग्रजांनी, 1860 साली. आर्मी ॲक्ट आला तोही इंग्रजांच्या 1911 च्या ॲक्टच्या जागी. म्हणजे जे आपण आपलं म्हणून छातीशी धरलंय ते त्यांनी ठेवून गेलेलं सामान आहे, आणि त्यांनी स्वतः 12 जानेवारी 2000 ला त्यांच्या फौजेतली गे लोकांवरची बंदी उठवली, युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने त्याच्या आदल्या सप्टेंबरमध्ये फटकारल्यावर. आता ह्यात गंमत नाही, गंभीरपणे सांगतोय, गोरखा पोरांचा विचार करा. नेपाळातल्या त्याच डोंगरातली, त्याच घरातली, एक भाऊ आपल्या फौजेत आणि दुसरा ब्रिटिशांच्या. त्या दुसऱ्या भावाच्या फौजेत 2000 पासून ही बंदी नाही. ते अफगाणिस्तानात लढून आले. गोरखा कच्चा पडला असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

पण लोकांचा खरा मुद्दा वेगळाच असतो. ते म्हणतात, सुभेदार, अधिकाऱ्यांचं ठीक आहे, ते शिकलेले, पण गावाकडची पोरं हे पचवतील का, एका बराकीत झोपायचं, एका नळावर आंघोळ.

हे ऐकलं की मला राग येतो. आम्हा गावाकडच्या जवानांच्या नावावर आजवर काय काय खपवलंय! बायांना परमनंट कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्यायची वेळ आली तेव्हा सरकारने सुप्रीम कोर्टात हेच सांगितलं होतं, की जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टाने 17 फेब्रुवारी 2020 ला ते साफ फेटाळलं. आम्हाला कोणी विचारलं होतं का?

आणि दापोलीच्या माणसाने तरी हे बोलू नये. आपल्या गावाला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात, पलटणीतले पेन्शनर इथे येऊन राहायचे म्हणून. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, पेन्शनीत आल्यावर इथेच राहिले होते. गोपाळ बाबा वलंगकर, तेही रिटायर फौजी, त्यांनीही इथूनच काम केलं. आणि ह्या माणसांच्या डोळ्यांदेखत 1890 नंतरच्या त्या काही वर्षांत इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. भीमा कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावं कोरली त्यांच्याच नातवंडांना सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही, आणि वर हे, की बाकीचे शिपाई तुमच्याबरोबर राहायला तयार नाहीत. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, रामजींनी खटपट केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा एक पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. त्याच रेजिमेंटने पुढे देशाला दोन लष्करप्रमुख दिले, कृष्ण राव आणि सुंदरजी, आणि मेजर परमेश्वरन यांचं परमवीर चक्रही त्यांचंच. जातीचा जाच आणि हे, दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही, त्या दुःखाची बरोबरी नाही होत. पण बाकीचे तयार नाहीत म्हणून तुला घेत नाही, हे वाक्य कोकणाने आधी ऐकलंय, आणि ते खोटं ठरलेलंही बघितलंय.

आता माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो. आमच्या कंपनीत एक जण होता, कोकणातलाच, ह्याहून जास्त ओळख देणार नाही. कोकणातला जवान म्हणजे त्याला दिवाळी नको, होळी एक वेळ सोडेल, पण गणपतीची छुट्टी पाहिजे म्हणजे पाहिजे, त्यावरून कंपनीत भांडणं व्हायची कारण सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. हा एकटा आपली छुट्टी दुसऱ्याला द्यायचा. जा तू, मी आहे. आम्हाला वाटायचं किती मोठ्या मनाचा, आणि होताच तो, पण घरी गेलं की आई मुलगी दाखवायला न्यायची हेही एक कारण होतं.

वर बर्फात पोस्टवर होतो आम्ही. बंकर म्हणजे काय, चार माणसांनी पाय दुमडून झोपायची जागा, मध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. ती बुखारी जीव वाचवते आणि जीव घेतेसुद्धा, तिचं व्हेंट, धूर बाहेर जायची वाट, बर्फाने बुजलं तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, ना वास ना धूर, झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून रात्री आळीपाळीने कोणीतरी उठून व्हेंट मोकळं करायचं. ह्याची पाळी नसली तरी हा उठायचा. बूट घालायचा, फावडं घ्यायचा, बाहेर जायचा, बर्फ काढून परत येऊन प्रत्येकाच्या तोंडावर टॉर्च मारून श्वास बघायचा. एका रात्री आम्ही दोघेच जागे होतो तेव्हा त्याने मला सांगितलं. लग्नाचं घरचे बोलतात ते माझ्याच्याने होणार नाही भाऊ, मला मुलींचं कधी वाटलंच नाही. मी म्हटलं बरं, आणि झोपलो. त्याच्या भरवशावर रोज झोपत होतो, त्या रात्री न झोपण्यासारखं काय होतं त्यात?

बराकीची भीती घालणाऱ्यांना मी हेच सांगतो. चाळा करेल, अंगाशी येईल, जबरदस्ती करेल, तो कोणीही असो, त्याला धरा, कोर्ट मार्शल करा, त्यासाठी नियम आहेत आणि ते हवेतच. बाईच्या बाबतीत करणाऱ्याला जी शिक्षा तीच त्यालाही. पण शिक्षा कृत्याला असते, माणूस मुळात कसा आहे ह्याला नसते.

आणि त्या माणसाचं पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. खाली पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, आल्यावर एका जवानाने त्याच्या मोबाइलवर काहीतरी वाचलं. मग तो उसने पैसे मागायला लागला. आधी पाचशे, मग दोन हजार, मग पगार झाला की ठरलेलं. ह्याने कंपनी कमांडर साहेबांकडे जावं तर काय सांगून जावं? तक्रार केली की पहिला प्रश्न, तो तुला कशावरून धमकावतो? म्हणजे स्वतःच्याच गळ्यात कलम 46 अडकवून घ्यायचं. पैसे खाणारा ताठ मानेने गिनतीला, हजेरीला, उभा, आणि बुखारीचं व्हेंट मोकळं करणारा खाली मान घालून. बढतीचा कोर्स, प्रमोशन केडर, पास होता, नायब सुभेदार नक्की झाला असता, पण पेन्शन बसली त्या दिवशी कागद टाकले आणि निघाला. मला ही गोष्ट कळली तो गेल्यावर.

डिसिप्लिन कोणी मोडलं ह्यात, सांगा तुम्हीच. आणि हे तर आपल्यातल्या आपल्यात, पैशापुरतं. पैसे मागणारा सीमेपलीकडचा असता तर? हनी ट्रॅपवर फौजेत एवढी लेक्चरं होतात, अनोळखी रिक्वेस्ट घेऊ नका, फोटो पाठवू नका, सगळं बरोबर आहे, पण दुश्मनाला पकडायला माणसाचं लपवलेलं काहीतरी लागतं. जे लपवायची गरजच नाही त्याच्यावर कोण कसा दाबेल?

अमेरिकेच्या ॲडमिरल मलन यांनी हे त्यांच्या पद्धतीने मांडलं होतं. नौदलाचा माणूस, सगळ्या दलांच्या प्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष, 2 फेब्रुवारी 2010 ला सिनेटच्या समितीपुढे म्हणाला की मी माझ्यापुरतं बोलतो, पण देशातल्या लोकांचं रक्षण करायला निघालेल्या तरुणांना आपण कोण आहोत ह्याबद्दल खोटं बोलायला लावणारा नियम मला अस्वस्थ करतो. त्यांच्याकडे 1993 पासून नियम होता, आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. त्यात 13 हजारांवर माणसं घरी पाठवली, त्यात अरबी जाणणारे दुभाषेसुद्धा, तेही लढाई चालू असताना. 20 सप्टेंबर 2011 ला तो नियम गेला. मरीन कोअरचे प्रमुख जनरल एमॉस शेवटपर्यंत विरोधात होते, जवानांचं लक्ष विचलित होईल, माणसं मरतील म्हणाले होते, पण कायदा झाल्यावर त्यांनी तो नीट राबवला आणि थोड्याच महिन्यांत सगळं सुरळीत झालं असं त्यांनीच सांगितलं. असा विरोधक मला आवडतो. आपल्याकडचेही असेच निघतील ह्याची मला खात्री आहे, कारण हुकूम झाला की पाळायचा हे आपल्या फौजेला कोणी शिकवायला नको.

मी सकाळी ग्राउंडवर भरतीची पोरं पळवतो, सोळाशे मीटर, बीम, नऊ फुटांचा खड्डा. मध्ये एका पोराची आई आली, पोराने घरी सांगितलं होतं, वडील बोलत नव्हते. तिचा प्रश्न एवढाच, काका, ह्याला घेतील का ओ? मी जे तिला सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. भरतीत गुडघे बघतात, तळपाय बघतात, दात, कान, डोळे बघतात, हे विचारत नाहीत. पोरगा पळतो चांगला, होऊन जाईल. पण कलम 46 काय आहे ते त्याला माहीत पाहिजे, मी त्याला वाचून दाखवेन. कोणी धमकावलं तर पैसा एकही द्यायचा नाही, पहिल्या दिवशी मला फोन करायचा, रात्री तीनला केला तरी चालेल. नवऱ्याला घेऊन या म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी.

राहिला शेवटचा प्रश्न, हे बदलणार कोण. लष्करप्रमुख नाही. घटनेचं कलम 33 सांगतं की फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क किती कमी करायचे हे संसद ठरवणार. प्रमुख सल्ला देतील, तो ऐकलाच पाहिजे, पण आर्मी ॲक्टमधलं ते कलम दुरुस्त करायचं काम दिल्लीत बसलेल्या खासदारांचं आहे, आपलेही त्यात आले. मतं मागायला आले की रस्ता, पाणी, नेटवर्क हे आपण विचारतोच, विचारायलाच पाहिजे. ह्या वेळी मी हेही विचारणार आहे, सगळ्यांसमोर, माइक घेऊन. तुम्हाला यायचं असेल तर या.