मिसाईल शील्ड हवं, पण कशावर?

15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून मिशन सुदर्शन चक्राची घोषणा झाली, 2035 पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांना संरक्षण कवच, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, चला, पाकिस्तानची अणुबॉम्बची धमकी आता संपली. पुण्यात हा विषय तसा घरातलाच, पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई, ह्या सगळ्या डीआरडीओ म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळा, कुणाचे ना कुणाचे काका नाहीतर मावशी डीआरडीओत असतातच. अभिमान मलाही आहे. पण "धमकी संपली" ह्या वाक्याची मला खरंच काळजी वाटते.

कारण अणुबॉम्बच्या बाबतीत आजवर शांतता टिकली ती एकाच गोष्टीवर, तू मला मारलंस तरी माझ्याकडे उरलेल्यातून मी तुला मारणारच, ही खात्री दोघांना असणं. आता एकाने ढाल उभी केली की दुसरा हिशोब करतो, ह्याने आधी माझी निम्मी मिसाईल्स जमिनीवरच उडवली आणि उरलेली चार-पाच वरच्यावर पाडली तर? मग तो गप्प बसत नाही, मिसाईल्स वाढवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे संकटाच्या वेळी थांबण्यापेक्षा आधीच डागून टाकावीत असा विचार करायला लागतो.

1967 साली अमेरिकेत ग्लासबरोला अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा हेच सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिनना समजावत होते आणि कोसिजिन चिडले, संरक्षण करणं नैतिक, हल्ला अनैतिक, मग ढालीला विरोध कसला? ऐकायला बरोबरच वाटतं, आपल्याकडे आजही लोक हेच म्हणतात. पण पाच वर्षांनी, मे 1972 मध्ये, सोव्हिएत युनियनने अमेरिकेसोबत एबीएम म्हणजे मिसाईलविरोधी ढालींवरच्या करारावर सही केली, दोन्ही देशांनी आपापल्या ढालीला मर्यादा घालून घेतली. 2002 मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. आज अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून त्यांचे 44 इंटरसेप्टर, म्हणजे येणारं मिसाईल वरच्यावर पाडणारी मिसाईल्स, आहेत, उत्तर कोरियासाठी म्हणून, रशियाच्या हजारावर वॉरहेड्सपुढे (वॉरहेड म्हणजे मिसाईलच्या टोकावरचा बॉम्ब) ते काहीच नाहीत, तरी 2018 च्या मार्चमध्ये पुतिननी अवांगार्द, सरमात वगैरे नवी अण्वस्त्रं दाखवली तेव्हा कारण हेच दिलं की तुम्ही करारातून बाहेर पडलात. म्हणजे ढाल चालते की नाही हा मुद्दा नंतरचा, समोरच्याला ती पुढे चालेल अशी भीती वाटली की पुरे.

आपल्याकडे वेगळं काय झालं? नोव्हेंबर 2006 मध्ये आपण वातावरणाच्या वरच्या थरात, साधारण 50 किलोमीटरवर, येणारं मिसाईल पाडून दाखवलं, वर्षभराने 15 किलोमीटरवर. जानेवारी 2017 ला पाकिस्तानने अबाबीलची चाचणी केली, एकाच मिसाईलवर अनेक वॉरहेड्स, आणि त्यांच्या लष्कराने सरळ सांगितलं की आजूबाजूला मिसाईल डिफेन्स वाढतोय म्हणून हे. मार्च 2024 मध्ये आपणही अग्नी-5 वर तेच केलं. आता पुढचं पाऊल त्यांचं.

आणि तांत्रिक बाजू बघा. अवकाशात हवा नाही, त्यामुळे जड वॉरहेड आणि त्याच्यासोबत रडारला फसवायला सोडलेला फुगा एकाच वेगाने शेजारी शेजारी जातात, रडारला खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखणं महाकठीण. खाली वातावरणात शिरलं की फुगा मागे पडतो, वॉरहेड पुढे सटकतं, तेव्हा ओळख पटते, पण तोवर हातात उरतं अर्धं-पाऊण मिनिट. ऑक्टोबर 2024 मध्ये इराणने इस्रायलवर 180 च्या आसपास मिसाईल्स डागली, जगातल्या सगळ्यात अनुभवी डिफेन्सपैकी एक समोर होता आणि तरी काही नेवातिमच्या हवाई तळावर पडलीच. ती साध्या स्फोटकांची होती म्हणून निभावलं. अणुबॉम्बमध्ये एक सुटलं तरी शहर गेलं.

मग शील्ड नकोच का? अजिबात नाही, हवंच. आपण पहिला वार करणार नाही असं 2003 पासून लेखी सांगतोय, म्हणजे पहिला वार सोसून उत्तर देता आलं पाहिजे, त्यासाठी कमांड सेंटर, निर्णय घेणारी माणसं, मिसाईलचे तळ ह्यांच्यावर ढाल पाहिजेच, आणि त्याने उलट स्थैर्य वाढतं, कारण आमच्यावर पहिला वार करून काही साधणार नाही एवढंच समोरच्याला कळतं. साधी रॉकेट्स, ड्रोन, क्रूझ मिसाईल (विमानासारखं हवेतूनच उडत जाणारं) ह्यांच्याविरुद्ध शहरांनाही संरक्षण द्या, मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी त्याची गरज सगळ्यांनी बघितली. माझा विरोध आहे तो "पुणे-मुंबईवर अणुबॉम्ब पडूच शकत नाही" असं लोकांना सांगण्याला. ते खरं नाही, आणि लोकांना खरं वाटायला लागलं की सरकारवर आणखी एक पायरी चढायचा दबाव आपणच आणतो.

एक गोष्ट मात्र स्वस्तात होण्यासारखी आहे. 2005 च्या करारानुसार भारत-पाकिस्तान बॅलिस्टिक मिसाईलच्या, म्हणजे उंच वर जाऊन खाली कोसळणाऱ्या मिसाईलच्या, चाचणीआधी एकमेकांना कळवतात, आणि कारगिल असो, पुलवामा असो, दर 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्याही न चुकता दिल्या-घेतल्या जातात. पण 2005 च्या त्या करारात क्रूझ मिसाईल नाही, मार्च 2022 मध्ये आपलं ब्रह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं तेव्हा ही फट सगळ्यांना दिसली. इंटरसेप्टरच्या चाचण्याही त्यात घ्या, क्रूझही घ्या, आणि ढाल नेमकी कशासाठी उभारतोय हे आपल्या धोरणात स्पष्ट लिहा. पाकिस्तानशी बोलणं बंद असताना हे कोण करणार असं लोक विचारतील, पण त्या याद्या जातायत ना अजून, मग त्याच माणसांनी आणखी एक कागद पुढे करावा.