बॅच गॅस घेईना

पावणेअकराच्या नोंदीत हायड्रोजनचा आकडा 110 घनमीटर होता. सव्वाअकराच्या नोंदीत 111. त्याआधीच्या दीड तासात बॅचने दर पंधरा मिनिटाला सतरा-अठरा घनमीटर गॅस ओढला होता आणि आता अर्ध्या तासात एक. ऑपरेटरने फोनवर एवढंच सांगितलं, "साहेब, बॅच गॅस घेत नाहीये. प्रेशर 8 किलोवर तसंच उभं आहे, आणि टेम्परेचर उतरायला लागलंय."

बॅच पॅरा नायट्रोटोल्युइनची होती. मिथेनॉलमध्ये विरघळवून, रॅनी निकेल या कॅटलिस्टवर (उत्प्रेरकावर) हायड्रोजन देऊन त्याचं पॅरा टोल्युइडिन करायचं. दोन हजार लिटरचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली चालणारं बंद भांडं, आत 360 किलो नायट्रो, 1080 लिटर मिथेनॉल आणि 18 किलो ओला कॅटलिस्ट. नायट्रोच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन लागतात. त्या हिशोबाने 360 किलोला साधारण 176 घनमीटर गॅस बसतो. म्हणजे बॅच 62 टक्क्यांवर अडकली होती. हायड्रोजनेशनमध्ये अडकायला याहून वाईट जागा नाही. निम्म्याहून जास्त काम झालेलं, बरंच नायट्रो शिल्लक, आणि मधल्या पायरीचं हायड्रॉक्सिलअमाइन द्रावणात साठत असण्याची दाट शक्यता.

शिफ्टमध्ये दोन सूचना लगेच आल्या. एक, जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवतीच्या कवचाला, स्टीम देऊन तापमान 65 वरून 80 वर न्या. दोन, आणखी पाच किलो कॅटलिस्ट टाका. दोन्ही वर्षानुवर्षं ऐकलेल्या, आणि दोन्ही त्या क्षणी धोक्याच्या. बाटल्यांकडून येणारा हायड्रोजन बंद केला की हायड्रोजनेशन थांबतं, हे खरं. पण साठलेल्या हायड्रॉक्सिलअमाइनला हायड्रोजन लागतच नाही. तापमान चढलं की ते आपलं आपण फुटतं आणि उष्णता सोडतं. त्या उष्णतेने ते आणखी वेगाने फुटतं, आणि तोवर जॅकेटचं पाणी कमी पडायला लागतं. ताजा कॅटलिस्ट टाकला तर हे सगळं साठलेलं एकदम पेट घेतल्यासारखं धावतं. शिवाय तो टाकायला मॅनहोल उघडावं लागतं, म्हणजे मिथेनॉलच्या वाफेत हवा.

म्हणून क्रम असा ठरला. हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद, स्टीम आयसोलेट, जॅकेटला कूलिंग वॉटर, आणि अ‍ॅजिटेटर कुठल्याही परिस्थितीत चालूच. ढवळणं थांबलं की निकेल तळाला बसतं आणि तिथेच गरम ठिकाण तयार होतं. नंतर अ‍ॅजिटेटर चालू करताच सगळं एकदम मिसळतं. थंड करायचं ते 40 अंशांपर्यंतच. पॅरा नायट्रोटोल्युइन 52 अंशांना वितळतं, टोल्युइडिन 44 ला. मिथेनॉलमध्ये दोन्ही विरघळलेली असली तरी फार गार केलं तर सॅम्पल लाइनमध्ये स्फटिक धरतात आणि मग खरा घोळ सुरू होतो.

40 अंशांवर नायट्रोजनखाली सॅम्पल घेतलं. टोल्युइडिन कातडीतून रक्तात जातं आणि ओठ निळे पडतात, त्यामुळे सॅम्पलला साधे नाही, ब्युटाइल रबरचे हातमोजे. द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीचं उत्तर यायला चाळीस मिनिटं लागणार होती. तोवर क्वालिटी कंट्रोलच्या केमिस्ट बाईंनी जुनी युक्ती वापरली. टेस्ट ट्यूबमध्ये ताजं टॉलेन्स द्रावण (अमोनियातलं चांदीचं द्रावण), त्यात गाळलेल्या सॅम्पलचे चार थेंब. कोणतंही गरम करणं नाही. दोन मिनिटांत काचेच्या आतून आधी करडी, मग चकचकीत चांदी चढली. टोल्युइडिन एवढ्या झटकन आरसा देत नाही. हायड्रॉक्सिलअमाइन देतं. बाईंनी नळी लगेच आम्लात रिकामी केली, कारण टॉलेन्स ठेवून दिलं तर त्यात स्फोटक गाळ होतो. पुढे एचपीएलसीने टक्क्यांत आकडे दिले: टोल्युइडिन 58, नायट्रो 35, हायड्रॉक्सिलअमाइन 5, अझॉक्सी (दोन अर्धवट रेणू जुळून होणारं) 2. हायड्रोजनच्या हिशोबाशी ते बरोबर जुळत होते.

आता प्रश्न एकच. गॅस का थांबला?

सगळ्यांचं बोट कॅटलिस्टकडे होतं, आणि त्याला कारणही आहे. हा कॅटलिस्ट जन्मापासूनच नाजूक. मरे रॅनी हा अमेरिकन इंजिनिअर टेनेसीतल्या चॅटनूगा इथे सरकीच्या तेलाच्या कारखान्यात होता. तेलावर हायड्रोजन चढवायला चांगलं निकेल त्याला हवं होतं. आधी त्याने निकेल आणि सिलिकॉन यांचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात धुतला. त्याचं अमेरिकन पेटंट 15,63,587, तारीख 1 डिसेंबर 1925. मग सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घेतलं. निम्मं निकेल, निम्मं अ‍ॅल्युमिनियम. ते पेटंट 16,28,190, तारीख 10 मे 1927. आज कारखान्यात येणारं निकेल या दुसऱ्या पेटंटचं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतं, अ‍ॅल्युमिनेट होऊन ते पाण्यात जातं, हायड्रोजन सुटतो आणि मागे निकेलचा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्याच्या एका ग्रॅमला शंभर चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. धुताना कॉस्टिक पातळ पडलं तर अ‍ॅल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड पुन्हा त्याच छिद्रांत बसतो, म्हणून धुण्याचं पाणीसुद्धा सुरुवातीला अल्कलीचंच ठेवतात. पेटंट कधीच संपलं, पण 'रॅनी' हे नाव आजही डब्ल्यू. आर. ग्रेसचा ट्रेडमार्क आहे. म्हणून दुसऱ्या उत्पादकांच्या ड्रमवर स्पंज निकेल असं लिहिलेलं दिसतं.

अशा निकेलला गंधक मारतं, क्लोराइड मारतं, कार्बन मोनॉक्साइड मारतं. तेव्हा आधी तपासलं तेच. केमिस्ट बाईंनी त्याच ड्रममधला चिमूटभर कॅटलिस्ट पाण्यातून काढून फ्यूम हूडमध्ये गाळणकागदावर ठेवला. पाणी उडेपर्यंत तो काळ्या चिखलासारखा निपचित. मग कडेचा कागद तपकिरी पडला, मधे एक लाल ठिणगी उमटली आणि ती हळूहळू सगळ्या ढिगावर सरकली. निकेल जिवंत होतं. याच कारणाने फिल्टरवरचा केक कधी कोरडा सोडायचा नाही. मिथेनॉलने ओला केक आणि वर हवा, हे एकत्र आलं की आग लागायला ठिणगीची वाट बघावी लागत नाही.

पण जिवंत असणं वेगळं आणि या कच्च्या मालावर चालणं वेगळं. म्हणून एक लिटरच्या लॅब ऑटोक्लेव्हमध्ये त्याच लॉटचं नायट्रो, त्याच टाकीतलं मिथेनॉल, त्याच ड्रममधलं निकेल, तेच तापमान, तेच प्रेशर. नायट्रोजनने 3 किलोपर्यंत भरून तीनदा सोडलं. हवेचा एक धरून एकूण दाब चार, म्हणून प्रत्येक वेळी ऑक्सिजन चौथाई होतो: 21 टक्क्यांवरून 5.25, मग 1.3, मग 0.33. त्यानंतर हायड्रोजन. 50 मिनिटांत पूर्ण अपटेक (लागणारा सगळा गॅस ओढला), कुठेही अडखळणं नाही. म्हणजे कॅटलिस्टही निर्दोष आणि कच्चा मालही. फरक उरला एकच. लॅबचं भांडं 800 आरपीएमने ढवळत होतं.

मग बॅच शीट सोडून पॅनेलवरचा अँमीटर बघितला. अ‍ॅजिटेटरची मोटर रोज 13 अँपिअरच्या आसपास असते. त्या दिवशी 15.5. शिफ्ट इन्चार्जने सकाळीच हे पाहिलं होतं आणि समाधान मानलं होतं, "लोड आहे, म्हणजे ढवळतंय." यात त्याचा दोष धरता येत नाही. साध्या रिअ‍ॅक्टरवर हा निष्कर्ष बरोबरच ठरतो. पण हा ऑटोक्लेव्ह गॅस इंड्युसिंग प्रकारचा आहे. शाफ्ट पोकळ. वर, द्रवाच्या पातळीवरच्या मोकळ्या जागेत त्याला भोकं आणि खाली इंपेलरच्या, म्हणजे ढवळणाऱ्या चक्राच्या, पात्यांच्या टोकाला तोंडं. इंपेलर फिरला की पात्याच्या टोकाशी दाब कमी होतो आणि वर जमलेला हायड्रोजन शाफ्टमधून खाली ओढला जाऊन बुडबुड्यांनी बाहेर पडतो. बुडबुड्यांनी भरलेला द्रव हलका असतो, त्यामुळे मोटरला कमी जोर लागतो. अँपिअर वाढला याचा अर्थ इथे उलटा होता: इंपेलर आता नुसता द्रव ढवळत होता, गॅस खाली येतच नव्हता. निकेल उपाशी होतं. नायट्रो भोवती असताना निकेलला हायड्रोजन कमी पडला की हायड्रॉक्सिलअमाइन आणि अझॉक्सी हेच दोन दिसतात, आणि रिपोर्टमध्ये तेच दोन होते.

गॅस खाली ओढायला पात्याच्या टोकाशी दाबात होणारी घट वरच्या द्रवाच्या उंचीच्या दाबापेक्षा जास्त असावी लागते. या प्रकारच्या इंपेलरवर मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, 1970च्या दशकात जे. बी. जोशी, एम. एम. शर्मा, सावंत यांनी पायाभूत काम केलं. त्यातून आलेलं सूत्र आजही टेबलावर बसून दोन मिनिटांत वापरता येतं. सेकंदातले फेरे गुणिले इंपेलरचा व्यास, त्याचा वर्ग. भागिले गुरुत्वत्वरण गुणिले इंपेलरवरची द्रवाची उंची. हा आकडा 0.21 च्या खाली गेला की गॅस ओढणं बंद. सूत्र 20 टक्के इकडेतिकडे होतं, पण दिशा चुकत नाही.

आमचा इंपेलर 0.4 मीटरचा, वेग 218 आरपीएम. ऑटोक्लेव्हचा व्यास 1.2 मीटर, म्हणजे दर 113 लिटरला पातळी 10 सेंटिमीटर चढते. जुनी बॅच 300 किलोची होती. तिच्यात अगदी शेवटीसुद्धा इंपेलरवर 82 सेंटिमीटर द्रव असायचा, आणि त्याला 195 आरपीएम पुरतात. त्या आठवड्यात बॅच 20 टक्के वाढवून 360 किलो केली होती. मिथेनॉलही त्याच प्रमाणात. 65 अंशांवर फुगलेल्या मिथेनॉलसकट उंची सुरुवातीलाच 98 सेंटिमीटर झाली, त्याला लागतात 213. म्हणजे बॅच काठावरून चालू झाली होती. आणि हायड्रोजनेशन स्वतःच पाणी तयार करतं. 360 किलो नायट्रोमागे 95 किलो. जसजशी बॅच पुढे गेली तसतशी पातळी चढली, उंची 1.03 मीटरच्या जवळ आली, आणि 218 आरपीएम बरोबर तिथे तोकडे पडले. पहिला दीड तास उत्तम चालून बॅच मधेच का बसली, याचं उत्तर या पाण्यात होतं. वाढीव बॅचला मंजुरी देताना ऑटोक्लेव्हचा फिल, म्हणजे तो किती भरतो ते, तपासला होता. तो 75 टक्क्यांच्या आत होता, म्हणून कागदावर सगळं ठीक. इंपेलरवरची उंची कोणीच मोजली नव्हती, मीही नाही.

अशा यंत्रांची मुदत संपलेली पेटंटं वाचायला हवीत, असं मला फार वाटतं. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 10(4) प्रमाणे अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत स्पेसिफिकेशनमध्ये उघड करावी लागते, आणि 20 वर्षांनी ती कोणीही वापरावी. ड्रॉइंगमध्ये द्रवाची पातळी रेघ मारून दाखवलेली असते. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये तीच रेघ बहुधा 'वर्किंग व्हॉल्यूम' या एका आकड्यात हरवते.

उपाय सोपा निघाला. ऑटोक्लेव्हला सिंटर्ड कँडल फिल्टर (सच्छिद्र नळीची गाळणी) आहे. नायट्रोजनच्या दाबाने त्यातून 160 लिटर फिल्ट्रेट बाजूच्या नायट्रोजन भरलेल्या टाकीत काढलं. कॅटलिस्ट आतच राहिला. उंची 14 सेंटिमीटरने उतरली, लागणारा वेग 203 वर आला. शंभरेक लिटर गेल्यावर अँमीटरचा काटा थरथरला आणि 15.5 वरून 13.2 वर येऊन थांबला. खाली उभं राहिल्यावर आवाजातही फरक कळत होता. मघापर्यंतची सपाट घरघर जाऊन आता खळखळ ऐकू येत होती.

हायड्रोजन लगेच 8 किलोने दिला नाही. 45 अंश, 4 किलो प्रेशर, कूलिंग चालू. पहिला तास हायड्रॉक्सिलअमाइन संपवण्यासाठीच. दर वीस मिनिटाला टॉलेन्स. तिसऱ्या वेळी नळी स्वच्छ राहिली. मग 65 अंश आणि 8 किलो. संध्याकाळी साडेसातला अपटेक संपला आणि नायट्रो 0.1 टक्क्याच्या खाली आलं. बाहेर काढलेलं 160 लिटर रात्रभर ठेवण्यासारखं नव्हतं, त्यात हायड्रॉक्सिलअमाइन होतंच. म्हणून तयार माल निम्मा पुढे ढकलला, ते फिल्ट्रेट त्याच निकेलवर परत घेतलं आणि रात्री अकराच्या आत तेही पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी पुली बदलून 240 आरपीएम करण्याची मागणी आली. वेग 10 टक्के वाढला की लागणारी शक्ती तिसऱ्या घाताने, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. मोटर, मेकॅनिकल सील आणि शाफ्टची लटपट यांचा हिशोब होईपर्यंत बॅच पुन्हा 300 किलोवर आणली. बॅच शीटमध्ये हायड्रोजनच्या आकड्याशेजारी अँपिअरचा रकाना आहे आता. 14 च्या वर गेला की ऑपरेटरने कोणालाही न विचारता हायड्रोजन बंद करायचा.