वास न येणारी खिरापत

भोंडल्यात खिरापत पहिल्या दोन प्रश्नांत ओळखली गेली की ती करणाऱ्या बाईचा पचका होतो. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण होतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून सगळी गाणी म्हणून होतात, घशाला कोरड पडते, आणि मग अख्खा फेर डब्याकडे वळतो. "तिखट की गोड?" "गोड." "ओलं की कोरडं?" "ओलं." इथवर सगळं सुरळीत असतं. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एखादी चिमुरडी नाक वर करून म्हणते, "काकू, शिरा! दुपारी जिन्यात वास येत होता." संपला खेळ. तूप जास्त घातलेलं, बेदाणे टचटचीत फुगलेले, सगळं पाण्यात.

खिरापतीचा घात बहुतेक वेळा वासच करतो. बेसन भाजायला घेतलं की ती बातमी तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत जाते. रव्याचं तेच, नारळाच्या वड्यांचं तेच, गूळ पाकाला ठेवला तर विचारायलाच नको. झाकण ठेवून, खिडकी लावून, एक्झॉस्ट फॅन बंद ठेवूनही काही उपयोग नाही. उलट दार उघडताना साठलेला वास एकदम बाहेर पडतो. पोरांना गणिताच्या पेपरातलं काही दिसत नाही, पण कढईत काय आहे हे दोन मजल्यांवरून कळतं.

म्हणून भोंडल्यासाठी माझी एक अट असते. ओव्हनचा तर प्रश्नच नाही, गॅसही पेटवायचा नाही.

या अटीला आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे हवा. शरद ऋतू म्हटलं की कवींना चांदणं आठवतं, पुणेकरांना ऑक्टोबर हीट. पाऊस माघारी फिरतो, आभाळ स्वच्छ होतं, दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर जातो आणि जमिनीत मुरलेली ओल वाफ होऊन अंगाला चिकटते. अशा दुपारी कढईपुढे उभं राहून चाळीस मिनिटं काही परतत बसणं मला मान्य नाही. दुसरं कारण मुलं. विस्तव नसला की त्यांना स्वयंपाकघरात घेता येतं. कुटायला, चाळायला, थर लावायला लहान हात उत्तम चालतात. फक्त ज्यांना मदतीला घ्यायचं त्यांच्याकडून गुपित राखायची शपथ घ्यावी लागते. ती साधारण अर्धा तास टिकते, त्यामुळे त्यांना उशिरा बोलवायचं.

बिनविस्तवाची गोड खिरापत म्हटली की आजकाल पहिलं नाव निघतं बिस्किटांच्या रोलचं. मारी बिस्किटांचा चुरा, कोको, थोडं दूध, लोणी. लाटायचं, आत खोबऱ्याचा थर, गुंडाळून फ्रीजमध्ये, मग सुरीनं चकत्या. होतो छान, दिसतोही छान. पण तो इतक्या घरी होतो की गोड आणि कोरडं एवढं कळलं की पोरं पहिलं नाव त्याचंच घेतात. डेसिकेटेड खोबरं आणि डब्यातलं घट्ट गोड दूध मिसळून वळलेले लाडूही असतात. ते मला आवडत नाहीत. एका लाडवानंतर पाणी, दुसऱ्यानंतर पश्चात्ताप. त्यापेक्षा जुनं पंचखाद्य बरं. सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, बेदाणे. खोबरं आणि खसखस जरा गरम करून घेतली की झालं. पण ते हल्लीच्या मुलांना दिलं तर ती खडीसाखर तेवढी वेचून खातात आणि बाकीचं पाटावरच्या हत्तीला अर्पण करतात.

खरं तर या दिवसांतली सगळ्यात सोपी गोष्ट बाजारात ढिगानं पडलेली असते आणि ती आपण चमच्यानं नुसतीच खाऊन टाकतो. सीताफळ. सूर्याचं हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, त्यावरूनच तर भोंडल्याला हादगा म्हणतात; नवरात्र कधी सप्टेंबरच्या शेवटी येतं, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर. विदर्भातल्या भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसतात, तिकडेही खाऊ ओळखायला लावतातच. यातली कुठलीही तारीख धरा, सीताफळ असतंच. पुण्यात सासवडकडून येतं, मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरांतून. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं, पण नावात सीतामाई येऊन बसल्यावर परकं म्हणण्याची सोय उरली नाही.

आणि हे फळ माझ्या अटीला जन्मतःच बांधील आहे. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून तर बासुंदीतसुद्धा तो दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर घालतात. म्हणजे इथे गॅस न पेटवणं हा आळस नाही, शास्त्र आहे. घरच्यांना हे ठणकावून सांगता येतं.

तर माझी खिरापत म्हणजे सीताफळाचं श्रीखंड, चहाच्या छोट्या कागदी कपात, खाली काहीतरी कुरकुरीत. पंचवीसेक मुलांना अर्धा किलो चक्का, सव्वा किलो सीताफळं आणि दोनशे ग्रॅम पिठीसाखर एवढं पुरतं. एरवी श्रीखंडाला चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालणारे लोक आहेत. इथे फळ स्वतःच इतकं गोड असतं की निम्म्याहून कमी पुरते. चक्का डेअरीतून आणावा. घरीच करायचा तर सव्वा लिटर म्हशीच्या दुधाचं दही रात्रभर टांगावं. त्यासाठी दूध तापवावं लागतं हे कबूल, पण तापलेल्या दुधाच्या वासावरून श्रीखंड ओळखणारं मूल अजून जन्माला यायचंय.

फळं दोन-तीन दिवस आधी आणायची. खवल्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळट पांढऱ्या दिसायला लागल्या, म्हणजे भाजीवाली म्हणते तसे 'डोळे उघडले', की फळ घ्यावं. डोळे मिटलेलं फळ स्वस्त मिळतं आणि दगडासारखं राहतं. पिकायला तांदळाच्या डब्यात ठेवावं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि फळ काही पिकत नाही. डब्यात ठेवल्यावर मात्र रोज हात घालून बघायचं, कारण आज घट्ट असलेलं सीताफळ उद्या सकाळी तांदळात फुटलेलं सापडू शकतं.

खरं काम बियांचं. त्यात शॉर्टकट नाही आणि जो आहे तो घेऊ नये. मिक्सरमधून फिरवलं की एखादी तरी बी फुटते. अख्खी बी गिळली गेली तर तशीच बाहेर पडते, पण वाटलेली बी कडू असते आणि विषारीही. पूर्वी उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावायचे; ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना मोठी इजा होते. तेव्हा मिक्सर राहू द्या. मी काय करते, फळ दोन हातांनी उघडते, गर चमच्यानं पातेल्यात काढते आणि लाकडी रवीनं हलक्या हातानं घुसळते. चार-सहा फेऱ्यांत पाकळ्या सैल होतात, काळ्या बिया गुळगुळीत होऊन सुटायला लागतात. मग सगळं मोठ्या भोकांच्या चाळणीवर ओतून बोटांनी गोल गोल फिरवायचं. गर खाली, बिया वर, अगदी स्वच्छ. सालीला लागून जो रवाळ भाग असतो ना, बारीक साखरेसारखा दाताखाली येणारा, तो बरेच लोक टाकून देतात. तो टाकू नका. श्रीखंडात सगळी मजा त्याची आहे.

हल्ली कमी बियांच्या जाती मिळतात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी काढलेली 'एनएमके-१ गोल्डन' सगळ्यांत नावाजलेली. फळ मोठं, गर भरपूर, बिया कमी. पंचवीस कप करायचे तर वेळ वाचतो. चवीला मात्र मला डोंगरातलं गावरान फळच आवडतं. बोटं दुखली तरी.

गर हवेला काळा पडतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी मिसळायचा. चक्का आणि साखर आधी एकत्र करून अर्धा तास ठेवायची, पुरणयंत्रातून काढायचं, मग गर घालायचा. चक्क्याच्या आंबटपणामुळे रंग जरा जास्त वेळ टिकतो. वेलची नाही, केशर नाही, जायफळ तर नाहीच; जायफळाचा वास आला की श्रीखंड उघडं पडलंच.

तळाच्या कुरकुरीत थरासाठी मी पूर्वी मारी बिस्किटं कुटायचे. पण नवरात्रात निम्म्या आया आणि सगळ्या आज्या उपवासाच्या असतात, आणि मुलांच्या खिरापतीकडे त्यांचीही नजर असते. "आम्हाला चालतं का गं?" हा प्रश्न ठरलेला. तेव्हापासून राजगिऱ्याचे लाडू. वाण्याकडून पाकीट आणायचं, मुलांच्या हातात द्यायचं आणि चुरा म्हणायचं. हे काम त्यांना इतकं आवडतं की लाडू कमी पडतात. शिवाय चार चुऱ्यांतला एक पोटात जातो, तो हिशेबात धरावा. कपात दोन चमचे चुरा, वर श्रीखंड, वर पुन्हा चिमूटभर चुरा. चुरा मात्र भोंडल्याच्या अर्धा तास आधी भरायचा. आधी भरला तर मऊ पडतो.

आता वास नाही, धूर नाही. तरी एक धोका उरतोच. फ्रीजमधून काढलेल्या डब्याला घाम येतो. स्टीलच्या डब्यावर बाहेरून थेंब जमलेले दिसले की पोरं लगेच "गार आहे, गार आहे" करतात, आणि गार म्हटल्यावर आइस्क्रीम, कस्टर्ड, श्रीखंड एवढीच नावं उरतात. यावर उपाय कॅसरोल. पोळ्यांचा मोठा कॅसरोल, त्यात कप उभे मावतात. त्याला गरम-गार काही कळत नाही, जे असेल ते धरून ठेवतो, आणि बाहेरून घाम येत नाही. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कॅसरोल पाहिला की मुलांची खात्री पटते की आत काहीतरी गरम आहे. शिरा, साबुदाण्याची खीर, गुळाची पोळी, गाडी भलत्याच रुळावर धावायला लागते. "गरम की गार?" असं कोणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही, भोंडल्याला ते शोभत नाही. पण विचारत नाहीत. कॅसरोलवर लोकांचा फार विश्वास असतो.

आणखी एक, कचऱ्याचा डबा. सीताफळाच्या सालींचा ढीग वर ठेवून दुपारभर दार उघडं टाकू नये. अलीकडची मुलं पुराव्यावर काम करतात.

पूर्वी म्हणे पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असायची. आता सोसायटीचा मिळून एक शनिवार, वॉट्सअॅपवर ठरलेला, आणि फेरात मुलगेही असतात. मुलग्यांना गाणी येत नाहीत पण खिरापत ओळखण्यात ते सगळ्यांत पुढे. ते पद्धतशीर जातात. "कशात वाढायचं? बशी की वाटी?" "कप." "हातानं की चमच्यानं?" "चमच्यानं." "फळ आहे का?" इथे जरा अडचण येते, कारण आहेही आणि नाहीही. मी "अर्धं" असं उत्तर देते आणि मग जो गोंधळ माजतो तो पंधरा मिनिटं पुरतो. अननसाचा शिरा, केळ्याचं शिकरण, सफरचंदाची खीर. कोणी तरी "सीताफळ बासुंदी" म्हणतं आणि मग ते उत्तर धरायचं की नाही यावर मोठ्यांतच भांडण लागतं. आमच्या आज्यांचं म्हणणं, अर्ध्या उत्तराला अर्धा कप. मुलांना हा न्याय मंजूर नसतो. चमचे वाजवून ते निषेध नोंदवतात.

एक सांगायचं राहिलं. अगदी लहान मुलांच्या कपात वाढताना चमच्यानं एकदा ढवळून बघावं, चाळणीतून निसटलेली बी राहू शकते. आणि दूध न चालणारं एखादं मूल असतंच, त्याच्यासाठी नुसता गर आणि राजगिऱ्याचा चुरा वेगळा ठेवावा. गेल्या वेळी त्या कपाकडे बाकीची पोरंच जास्त बघत होती.

उरत सहसा नाहीच. उरलंच तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं. रंग थोडा तपकिरी होतो, चव बिघडत नाही, राजगिऱ्याचा मात्र गोड लगदा होतो. तो मुलांना देऊ नये, नावं ठेवतात. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर तो आपण खावा.