लॅपटॉप दिवसभर चालवताना : फॉर्ममध्ये नसलेला बारावा रकाना

पॉवर बँकेच्या कंपनीकडे तक्रार नोंदवायच्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. नाव, फोन, ईमेल, खरेदीची तारीख, बिलाचा फोटो, अनुक्रमांक, मॉडेल, कोणतं उपकरण चार्ज करता, त्याच्या चार्जरची वॅट, अडचण काय आहे आणि शेवटी व्हिडिओ. मी तो चार वेळा भरला, त्यामुळे पाठ झालाय. सदतीस दिवस त्यात गेले. ज्यांना लॅपटॉप दिवसभर प्लगशिवाय चालवायचा आहे त्यांचे तरी वाचावेत, म्हणून लिहितोय.

माझं काम जमीन मोजणीचं. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावलं की बिंदू घेत जायचं, दर तास-दोन तासांनी ते लॅपटॉपवर उतरवायचे, नकाशात बसवून बघायचे आणि कुठे चूक दिसली तर तिथल्या तिथे पुन्हा घ्यायचे. हे तिथल्या तिथे फार महत्त्वाचं असतं. चूक रात्री घरी सापडली तर दुसऱ्या दिवशी सगळं सामान आणि माणसं घेऊन परत जावं लागतं. साइटवर वीज नसते. उन्हात स्क्रीन दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवावा लागतो, आणि माझ्या कामात बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो स्क्रीनच.

जुन्या लॅपटॉपवर हा प्रश्न मी जादा बॅटऱ्यांनी सोडवला होता. पालथा घातला, दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची. १०.८ व्होल्ट, ४४०० एमएएच, म्हणजे ४.४ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार केला की बॅटरीत एकूण किती वीज मावते ते वॅट-तासांत कळतं : साडेसत्तेचाळीस वॅट-तासांची एक. अशा तीन घेऊन निघालो की दिवस निघायचा. मला जादा बॅटरी आजही मनापासून आवडते. तिच्यातली वीज थेट लॅपटॉपला मिळते, मध्ये कुठे व्होल्टेज बदलताना गळती नाही, वायर लोंबत नाही, उभ्याने मांडीवर घेऊन काम करता येतं. बदलताना लॅपटॉप हायबरनेट करावा लागायचा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जतन करून पूर्ण बंद. नुसता स्लीपवर ठेवून बॅटरी काढली तर न जतन केलेलं सगळं गेलं. चार्जिंगचा मात्र खरा जाच होता. वेगळा चार्जर मिळाला नव्हता, त्यामुळे प्रत्येक बॅटरी लॅपटॉपमध्ये घालूनच भरायची. कामाच्या दिवसांत मी रात्री दोनचा गजर लावून उठायचो, भरलेली काढायचो, रिकामी घालायचो. आणि तिसरी बॅटरी दुसऱ्याच कंपनीची, ‘हीसुद्धा बसते’ म्हणून दिलेली, ती चाळीस टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडायची. जादा बॅटरी घ्यायची असेल तर लॅपटॉपच्या कंपनीचीच घ्या, आणि बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, लॅपटॉपचं मॉडेल नुसतं सांगू नका.

मग तो लॅपटॉप गेला. नव्याची बॅटरी आत, स्क्रूंच्या खाली. आता बाहेरूनच वीज द्यायची, म्हणजे पॉवर बँक.

इथे मी हिशेब नीट केला होता, याचा मला अजूनही अभिमान आहे. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल तयार करून देतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. माझे होते ५० आणि ३६ वॅट-तास. साइटवर लॅपटॉप ताशी साधारण १२ वॅट-तास खात होता. म्हणजे तीन तास. मला हवे होते आठ, म्हणजे ९६ वॅट-तास. ६० कमी पडत होते. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला की ७४ वॅट-तास. पण ते सगळे बाहेर येत नाहीत, व्होल्टेज वाढवताना काही उष्णतेत जातात. म्हणून खोक्यावर ‘रेटेड कपॅसिटी’ शोधायची. माझ्या पॉवर बँकेवर ५ व्होल्टला १२,००० एमएएच होती, म्हणजे बरोबर ६०. काठावर, पण जमत होतं. वर ‘६५ वॅट’ असं मोठ्या अक्षरांत. माझ्या लॅपटॉपचा चार्जरही ६५ वॅटचाच. घेतली.

घरी लावली, लगेच चार्जिंगची खूण आली. साइटवर नेली. सकाळी अर्धा तास चालली आणि मग खूण गेली. पॉवर बँकेचे दिवे चालू, वायर घट्ट, लॅपटॉप मात्र स्वतःच्या बॅटरीवर. काढून लावली की दोन सेकंद खूण यायची, परत जायची. मधूनच विंडोज सांगायचं की चार्जर मंद आहे. दुपारी दीडला लॅपटॉप बंद. घरी आलो, लावली, तर मुकाट चार्ज करायला लागली!

इथून ते सदतीस दिवस सुरू होतात.

पहिला फॉर्म भरला. दोन दिवसांनी उत्तर आलं : अडचण दिसेल असा व्हिडिओ पाठवा. रात्री घरी टेबलावर लॅपटॉप ठेवला, पॉवर बँक जोडली, फोन हातात धरून व्हिडिओ काढला. अडचण आलीच नाही. आणखी दोन काढले. तिन्हींत चार्जिंग व्यवस्थित. मी लिहून कळवलं की हे साइटवरच होतं, घरी होत नाही. उत्तर : व्हिडिओत उत्पादन योग्य चालताना दिसत आहे. तक्रार बंद.

दुसऱ्या फॉर्मला वेगळी व्यक्ती होती. तिने पुन्हा बिल मागितलं, पुन्हा अनुक्रमांक मागितला. मग सुचवलं की वायर बदला. यात तथ्य होतं, ते मी मान्य करतो. साधी सी-टू-सी वायर, म्हणजे दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली, ३ अँपिअरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे न्यायचं तर वायरीच्या टोकात ओळख सांगणारी छोटी चिप लागते. मी ५ अँपिअरची, १०० वॅटची वायर घेतली. साइटवर तेच. पण मी मुळात विचारत होतो ते हे की ६५ ऐवजी ६० मिळाले म्हणून चार्जिंग पूर्ण का थांबेल? या प्रश्नाला उत्तर आलं नाही. आलं ते हे की ४८ तासांत प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. त्या ४८ तासांत मी जिथे होतो तिथे नेटवर्क नव्हतं, आणि साइटवर नेटवर्क नसतं हे मी फॉर्मच्या दहाव्या रकान्यात लिहिलेलं होतं. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवा फॉर्मच भरावा लागतो.

तिसऱ्या वेळी कारण सांगितलं उष्णतेचं. हेही ऐकायला पटणारं होतं. लिथियम-आयन बॅटरी फार तापली की आतलं संरक्षण सर्किट ती बंद करतं, आणि आम्ही दिवसभर उन्हात. मी पॉवर बँक यंत्रावरच्या छत्रीखाली ठेवली, पिशवीतून बाहेर, वारा लागेल अशी. हाताला कोमटही लागत नव्हती. तरी तेच. एव्हाना मी साइटवर तीन तासांत लॅपटॉपचं काम उरकायचं आणि बाकीचं वहीत लिहून घ्यायचं, अशी सवय लावून घेतली होती. एका जागी त्यामुळे दोन बिंदूंची अदलाबदल झाली आणि आम्हाला परत जावं लागलं. तो एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. पॉवर बँक घेतली होती ती नेमकं हे टाळायला.

चौथा फॉर्म भरला तेव्हा ठरवलं, व्हिडिओ साइटवरच काढायचा. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सहकारी मुलीला म्हटलं, तुझ्या फोनवर काढ, माझा चार्जिंगला लावायचा आहे. ती काढत होती, मी नेहमीप्रमाणे सगळं जोडत होतो. पॉवर बँकेला लॅपटॉप लावला, खूण आली. मग माझा फोन लावला. तिने व्हिडिओ थांबवला, मागे घेतला आणि मला दाखवला. म्हणाली, “दादा, हे बघा. तुम्ही फोन लावला आणि इकडे प्लगची खूण गेली. त्याच क्षणी.”

आम्ही फोन काढला. खूण आली. लावला, गेली. पाच वेळा करून पाहिलं.

घरी व्हिडिओ काढताना माझा फोन माझ्या हातात असायचा. त्यामुळे पॉवर बँकेला एकटा लॅपटॉप. साइटवर फोन सकाळी थोड्याच वेळात दुसऱ्या पोर्टला लागायचा, कारण नकाशे आणि फोटो त्याच्यावर. सगळा फरक एवढाच होता.

पॉवर बँक उलटी केली. तिच्या पाठीवर, रेटेड कपॅसिटीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : सी आणि ए एकत्र, ५ व्होल्ट, ३ अँपिअर. सी म्हणजे लॅपटॉप लावतो ते यूएसबी-सी पोर्ट, ए म्हणजे फोन लावतो ते यूएसबी-ए. म्हणजे पंधरा वॅट, तेही दोघांत मिळून. एकटं सी पोर्ट २० व्होल्ट देतं, पण दुसऱ्या पोर्टला काहीही जोडलं की दोन्ही ५ व्होल्टवर येतात. अशा पॉवर बँकांत व्होल्टेज वाढवणारं सर्किट दोन्ही पोर्टांना मिळून एकच असतं. फोनला सुरक्षित असं ५ व्होल्ट द्यायचं तर लॅपटॉपलाही तेच मिळणार, आणि माझा लॅपटॉप ५ व्होल्ट घेत नाही.

‘दुसऱ्या पोर्टला काही जोडलेलं आहे का?’ एवढं कोणीतरी विचारायला हवं होतं. हाच तो बारावा रकाना. चार वेगवेगळ्या माणसांनी माझं बिल तपासलं, अनुक्रमांक तपासला, आणि आपलंच उत्पादन दोन पोर्ट वापरल्यावर कसं वागतं हे एकालाही आठवलं नाही. ती ओळ माझ्याही नजरेतून सुटली, पण मी ती पहिल्यांदा घेणारा माणूस होतो, ते रोज विकणारे. मी चौथ्या तक्रारीत सगळं सविस्तर लिहिलं, तो व्हिडिओ जोडला आणि फॉर्ममध्ये हा प्रश्न घाला अशी विनंती केली. उत्तर दोन ओळींचं आलं, सूचना संबंधितांकडे पाठवली आहे म्हणून. तक्रार ‘निवारण झाले’ या शेऱ्याने बंद झाली. मागच्या आठवड्यात फॉर्म उघडून पाहिला. रकाने अकराच आहेत.

त्या दुपारी मात्र फोन काढून ठेवला आणि लॅपटॉप कामाच्या शेवटापर्यंत चालला. पाच वाजता उन्हात उभं राहून मी नकाशा बंद केला तेव्हा एकवीस टक्के शिल्लक होते. फार बरं वाटलं.

आता फोनसाठी छोटी वेगळी पॉवर बँक ठेवतो, मोठी फक्त लॅपटॉपची. आणि लॅपटॉपची आतली बॅटरीही बदलून घेतली, ५० वॅट-तास परत मिळाले. हे खरं तर आधी करायला हवं होतं. तुमच्या अहवालातल्या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर पॉवर बँक शोधण्याआधी ते करा.

पॉवर बँक सकाळीच जोडा, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना. तेव्हा ती फक्त चालण्यापुरती वीज देते. लॅपटॉप दहा टक्क्यांवर आल्यावर जोडली तर तो चालतो आणि शिवाय आपली बॅटरीही भरायला घेतो. पॉवर बँक तापते, आणि तीच वीज एकदा बॅटरीत जाऊन पुन्हा बाहेर यायची, म्हणजे गळती दोनदा.

जोडल्यावर लॅपटॉपवर चार्जिंगची खूण बघितल्याशिवाय हात काढू नका. सी-टू-सी वायरीत वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते. एकदा माझा लॅपटॉपच पॉवर बँक भरत बसला होता, मी दिवे बघून निश्चिंत. वायर काढून परत लावली की दिशा बदलली.

घरच्यासारखा प्लग असलेल्या पॉवर बँकाही मिळतात. जुन्या, गोल पिनेच्या लॅपटॉपला त्या सोयीच्या, पण त्यात वीज आधी एसी होते आणि तुमचा चार्जर ती परत डीसी करतो. वजन आणि गळती दोन्ही जास्त. दुसरा मार्ग असेल तर नको.

ज्यांच्या लॅपटॉपची बॅटरी अजून खटक्याने निघते त्यांनी माझं ऐका, जादा बॅटरीच घ्या. फक्त ती पूर्ण भरून कपाटात महिनोन्‌महिने ठेवू नका, तशीच म्हातारी होते. निम्मी भरलेली, थंड जागी ठेवा. पिशवीत टाकताना तिचे धातूचे संपर्क झाकलेले असू देत, किल्ल्यांबरोबर तर मुळीच नको.

विमानाचं राहिलंच. जादा बॅटरी काय, पॉवर बँक काय, दोन्ही हातातल्या बॅगेतच, चेक-इनला नाही. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यावर नेताच येत नाही. तपासणीत ते आकडा पाठीवर छापलेला शोधतात, आणि ती छपाई पिशवीत घासून जाते. मी नवी पॉवर बँक घेतली की पहिल्याच दिवशी पाठीचा जवळून फोटो काढतो आणि त्या सगळ्या बारीक ओळींवर पारदर्शक चिकटपट्टी लावतो.