एकोणीस गोळ्या

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी माझ्या मेडिकलमध्ये वडिलांच्या काळापासून आहे. ताईंनी तिच्याच खाली दोन स्ट्रिप ठेवल्या. एक अख्खी, दुसरीत नऊ.
“घ्याल का परत? मला नको आता हे.”

डबे पुरवणाऱ्या बाई, रोज पहाटे चारला उठणाऱ्या. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याच बिल्डिंगमधल्या, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. एस्सिटालोप्राम १० (उदासीवरचं औषध) आणि क्लोनाझेपाम ०.५ (घबराट, झोपेचं) एकाच गोळीत, महिनाभराची. मळमळ थांबेना म्हणून अकरा दिवसांनी पुन्हा वर गेल्या. दार उघडंच, आत पुढचा पेशंट येऊन बसलेला. डॉक्टर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, “सगळं व्यवस्थित आहे तुमचं, तरी रडता कशाला? कामात मन लावा.” त्या रात्रीपासून गोळी बंद. आता चार रात्री झोप नाही, हात थरथरतोय. त्यांना वाटत होतं, आजार वाढला.

या जोडगोळीवर माझा जुना राग आहे. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते. क्लोनाझेपामचं उलट: झोप त्याच रात्री, पण लवकर सवय लागते आणि अचानक सोडलं की झोप उडते, जीव घाबरा होतो. म्हणजे एक औषध टिकवायचं, दुसरं हळूहळू उतरवायचं. दोन्ही एकाच गोळीत कोंबल्यावर कापणार कुठून? पण लिहायला एकच ओळ लागते ना!

“वर फोन लावू का?” विचारलं. ताईंनी स्ट्रिप उचलल्या आणि निघाल्याच. थांबवून स्टुलावर बसवलं. म्हटलं, थरथर गोळी एकदम तोडल्यामुळेही असेल. उद्या गुरुवार आहे, सिव्हिलला मानसोपचाराच्या मॅडम असतात, तिथे दाखवा. रात्री फार घाबरं झालं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. हे सगळं दबक्या आवाजात, कारण वरचा कंपाउंडर बाजूलाच बिस्किटं घेत होता. माझं निम्मं गिऱ्हाईक त्या जिन्यावरून उतरतं.

मॅडमना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्यात. चिठ्ठीवरून डॉक्टर कळतो, हे माझं वीस वर्षांचं मत.

शुक्रवारी ताई केसपेपर दाखवायला आल्या. दोन्ही औषधं वेगळी केलेली. एस्सिटालोप्राम ५, नाष्ट्यानंतर, आठवड्याने १०. क्लोनाझेपामची अर्धीच गोळी, तीही दहा दिवस. ओळींपुढे सूर्य आणि चंद्र काढलेले. खाली मराठीत, सुट्या अक्षरांत: ‘पहिले काही दिवस मळमळेल. गोळी मनाने बंद करू नका. त्रास झाला तर तारखेची वाट न बघता या.’

“काय म्हणाल्या?”
“आधी विचारलं, डबे किती जणांचे करता. मी बोलत होते तोवर पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही त्यांनी.” मग जरा थांबून, “ओपीडीत गर्दी होती हो, तरी.”

मॅडमनी लिहिलेलं ते मधलं वाक्य पंधरा दिवसांपूर्वी मला तोंडी सांगता आलं असतं. मी तीन स्ट्रिप कापडी पिशवीत टाकल्या, सुटे पैसे मागितले आणि “पुढे बोला” म्हणून मागच्याकडे वळलो. वरचे डॉक्टर तुटक वागले खरे. काउंटरवर मी काय वेगळं केलं?

एकोणीस गोळ्यांचे पैसे दिले, पाटीखालीच. त्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, विकता येत नाहीत, टाकवत नाहीत. काल वरून त्याच गोळीच्या पाच चिठ्ठ्या उतरल्या. पाचही भरल्या. प्रत्येकाला आवाज खाली घेऊन सांगितलं, “एकदम बंद करायची नाही बरं का.” चौथा म्हणाला, “डॉक्टर तर असं काही बोलले नाहीत.”