तिवरांच्या मागे कोळंबीचं तळं: माझा अनुभव

कोळंबीच्या तळ्यासाठी मी आधी माती तपासली, परवानगीचा अर्ज नंतर केला. कोकणात खाडीकाठी जागा बघायला गेलं की हमखास तिवरांकडे बोट दाखवलं जातं, कारण तिथे भरतीचं पाणी आपसूक येतं. कायदा बाजूला ठेवला तरी धंद्यासाठी ती जागा वाईटच. तिवरांखालच्या काळ्या चिखलात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. पाण्याखाली ते निमूट पडून असतं. बांधासाठी उकरलं, हवा लागली, की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. पावसाच्या सरींबरोबर ते बांधावरून तळ्यात उतरतं आणि पाण्याचा सामू (पीएच) कोसळतो. कल्ल्यांवर तांबूस थर बसतो, कात टाकलेल्या कोळंबीचं कवच कडक होत नाही. मग चुन्याच्या गोणी ओतत बसायचं. आग्नेय आशियात कांदळवन तोडून काढलेली कित्येक तळी ओस पडली, त्यामागे रोगाइतकाच या मातीचाही हात आहे.

तपासणी सोपी आहे. मीटरभर खोलीपर्यंतची माती चार-पाच ठिकाणांहून काढायची. एका भागाचा सामू लगेच मोजायचा, दुसऱ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून मोजायचा (हातमोजे आणि चष्मा लावूनच). माती जोरात फसफसली आणि सामू 2.5 च्या खाली गेला, तर ती जागा सोडून द्यायची.

मी तिवरांच्या मागची जुनी खार जमीन घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. नकाशावर ती रेघ आधी मारली, मग तळी आखली. भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आतली कोळंबी शेती म्हणजे चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी आलीच. सातबारा आणि मोजणीचा नकाशा जुळत नसेल तर कागद तिथेच अडतो. तो मेळ आधी घालून ठेवावा.

पाणी खाडीतून थेट तळ्यात कधीच घेत नाही. उधाणाच्या भरतीला ते साठवण तळ्यात घ्यायचं, तेही 60 मेशच्या (बारीक जाळीच्या) पिशवीतून गाळून. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांबरोबर आणि रानच्या कोळंबीबरोबर येतो. म्हणून बांधावर खेकड्यांसाठी जाळीचं कुंपण आणि वर बगळे-पाणकावळ्यांसाठी दोऱ्या. अर्ध्या हेक्टरच्या तळ्यात सव्वा मीटर पाणी म्हणजे 6,250 घनमीटर. 60 पीपीएमच्या (घनमीटरला 60 ग्रॅम) हिशेबाने 375 किलो ब्लीचिंग पावडर लागते. एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवून तीन-चार दिवस थांबायचं. क्लोरीन शून्य झाल्याचं किटवर दिसल्याशिवाय बीज सोडायचं नाही. इथे घाई केली की दोन लाख पिल्लं एका रात्रीत जातात.

व्हेनामी जातीच्या कोळंबीला चौरस मीटरला 60 पिल्लांपर्यंत परवानगी आहे. मी 40 वर थांबतो. बीज पीसीआर (रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करून तपासलेलंच घ्यायचं, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूबरोबर ईएचपी या सूक्ष्म परजीवीचीही तपासणी हवी, कारण ईएचपीत मर दिसत नाही, नुसती वाढ खुंटते आणि खाद्य वाया जातं. पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवायच्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळायचं.

दोन लाख पिल्लांपैकी 80 टक्के जगून 20 ग्रॅमची झाली तर 3.2 टन माल होतो. दर 400 किलोला एक एचपी धरली तर दोन एचपीचे चार एरिएटर हवेत, आणि जनरेटर. पहाटे तीन ते सहा या वेळात विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही. खाद्य चेक ट्रे (तळ्यात ठेवलेली खाद्याची तबकडी) सांगेल तेवढंच: दोन तासांनी ट्रेत उरलं असेल, तर पुढची फेरी कमी.

खाद्यातलं बरंचसं नत्र कोळंबीत जातच नाही, ते पाण्यात आणि गाळात राहतं. काढणीच्या वेळी सगळ्यात घाण असतं ते तळाशी उरलेलं शेवटचं पाणी, आणि नेमकं तेच लोक दार उघडून खाडीत सोडून देतात. मी ते निवळ तळ्यात दोन-तीन दिवस अडवतो. त्यात बोय मासे आणि कालवं सोडलेली असतात. निवळलेलं पाणी ओहोटीला तिवरांच्या दिशेने हळूहळू सोडायचं, एका लोटात नाही. तिवरांची वर आलेली श्वासमुळं गाळाखाली गेली तर झाड गुदमरतं. रोग आला असेल तर मात्र आधी ब्लीचिंग, मग क्लोरीन उडून जाईपर्यंत थांबायचं. ज्या भरतीला शेजारी आपली तळी भरतो, तिच्याआधीची ओहोटी मी टाळतो. त्याचा विषाणू पुढच्या उधाणाला माझ्याकडे येऊ शकतो, माझा त्याच्याकडे.